कळस आधी, पाया नंतर

मुंबईत एनसीपीएने २००६ साली 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभारला, तेव्हा बरेचसे वादक परदेशांतून आणावे लागले. मुलांना लहानपणापासून घडविणारी त्याची संगीतशाळा निघाली २०१२ साली.

गोव्यातील क्रम याच्या नेमका उलट होता. तेथे चर्चच्या गावशाळांतून मुले पिढ्यानुपिढ्या स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत आली. त्याच भूमीत १९५२ साली आंतोनियो द फिगेरेदो यांनी पणजीस संगीतशाळा काढली आणि वाद्यवृंदही उभा केला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला वादक पुरविले तेही याच गावशाळांनी. (संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्ड्याचे, हे पुष्कळांच्या गावीही नसते.)

व्हायोलिनवर हात बसण्यास वर्षे लागतात आणि ती बालवयातच द्यावी लागतात. मोहोपाड्याच्या कामगाराच्या मुलाने त्यासाठी रोज नरिमन पॉइंट गाठावे काय? सिम्फनी ही धनिकांची चैन, असा आक्षेप येईलच. गोव्यातील शेतकऱ्यांच्या नि दर्यावर्दींच्या मुलांनी तो केव्हाच खोटा ठरविला आहे. खालापूर तालुक्यातील एका शाळेस दहा व्हायोलिने आणि एक पूर्णवेळ शिक्षक देणे शासनाला जड जाऊ नये.