हरवलात? मग तिथंच थांबा!



सहल म्हटलं की तुमचे कान कसे टवकारतात! आमच्या चौथीच्या वर्गाचंही तसंच. एकदा टीव्हीवर आफ्रिकेतले सिंह पाहून आलेल्या एका पठ्ठ्यानं वर्गात विचारलं, "गुरजी, तठे गाडी बंद पडली तर सिंह खाई का हो?" सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसलो. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला महिनाभरात आपल्याच सातपुड्यात मिळालं.

आमची शाळा धुळ्याजवळची. सहल ठरली पालला, यावल अभयारण्यात. पाल हे रावेर तालुक्यातलं, सुकी नदीकाठचं गाव. १९६९ साली झालेलं हे अभयारण्य सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं आहे. इथं बिबट्या आहे, अस्वलही आहे. म्हणूनच निघताना एका मुलाची आई दोनदा म्हणाली, "गुरजी, जंगलात नेताय, पोरावर लक्ष ठेवा." मी ऐटीत म्हटलं, "ताई, काळजीच सोडा!"

पहाटे निघालो. जळगाव, भुसावळ, फैजपूर मागं पडलं. सावद्याच्या पुढं दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या, आणि फट्! टायर फुटला. स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नाही! मुलं निंबाच्या सावलीत बसली. कळण्याची भाकरी आणि ठेचा तिथंच संपला. प्यायच्या पाण्यानं हात धुतल्यामुळं पाणीही संपलं. एका शेतकरीदादानं विहिरीचं पाणी दिलं म्हणून बरं. दोन तास तिथंच गेले.

पंक्चर झालं, ही काही मोठी आपत्ती नव्हे. आपत्ती आली ती त्यानंतरच्या घाईमुळं. पालला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वनरक्षकदादांबरोबर भराभर पायवाटेनं नदीपर्यंत गेलो, भराभर परत फिरलो. जाताना मी मुलं मोजली होती, ३८. परतताना नदीवर मोजायला हवी होती. उशीर झाला म्हणून मोजली नाहीत. गाडीपाशी येऊन मोजली, तर ३७!

पुन्हा मोजली. ३७च. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि जो नव्हता, तो त्याच ताईंचा मुलगा.

दुसऱ्या बाई बाकीच्या मुलांपाशी थांबल्या. वनरक्षकदादा आणि मी आल्या वाटेनं मागं निघालो. थोडं चालायचं, थांबायचं, हाक मारायची, कान द्यायचे. पंधरा-वीस मिनिटं गेली. मला ती दोन तासांसारखी वाटली. इतक्यात ऐकू आलं, पीं! पीं! पीं! शिट्टीचे तीन आवाज.

एका अंजनाच्या झाडाला टेकून गडी बसलेला. डोळ्यांत पाणी, हातात साळिंदराचा काटा. तो उचलायला थांबला आणि मागं राहिला. म्हणाला, "गुरजी, मी आठेच बठेल व्हतू. तुम्हीच सांगेल व्हतं ना!"

होय, सहलीच्या आदल्या दिवशी मी वर्गात सांगितलं होतं: हरवलात तर तिथंच थांबा, आणि गळ्यातली शिट्टी तीनदा वाजवा. असं का बरं? शोधणारा माणूस आल्या वाटेनंच परत येतो. तुम्ही जागेवर असलात तर भेट होणारच. तुम्हीही फिरत राहिलात तर चुकामूक! मोबाईलवर विसंबू नका. दरीत गेलं की त्याची रेंज जाते, शिट्टीची जात नाही.

आता त्या सिंहाच्या प्रश्नाकडं येऊ. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातही नियम असाच आहे. ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठंही गाडीतून उतरायचं नाही. गाडी बंद पडली तरी आतच बसून मदतीची वाट पाहायची. रोज गाड्या पाहून सिंहाला त्यांची सवय झालेली असते. खाली उतरलेला माणूस मात्र त्याला वेगळा दिसतो. म्हणजे पाल असो की क्रूगर, पहिला धडा एकच: थांबा!

आणखी एक गंमत ऐका. सिंहाला सगळे घाबरतात, पण त्याहून घातक आहे एवढासा डास. जगात मलेरियानं दरवर्षी सुमारे सहा लाख माणसं दगावतात, आणि त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली. म्हणून तिकडं जाणारा शहाणा प्रवासी मच्छरदाणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आधी बांधून घेतो.

आणि आपल्याकडं अचानक बिबट्या दिसला तर? पळू नका, खाली वाकू नका. पळणारं दिसलं की त्याच्या मागं लागायचं, हा त्याचा स्वभावच. एकमेकांजवळ उभे राहा आणि त्याच्याकडं तोंड ठेवून हळूहळू मागं सरका.

पालकहो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. त्या रात्री परतल्यावर मी स्वतः त्या ताईंना सगळं सांगितलं. चूक मुलाची नव्हती, न मोजणाऱ्या माझी होती. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगं, बरं कयं." आता आमच्या सहलीत प्रत्येक मुलाला एक जोडीदार असतो आणि प्रत्येक थांब्यावर मोजणी होते, कितीही उशीर झालेला असो. तेव्हा सहल बंद करू नका. "मुलं कोण मोजणार, किती वेळा मोजणार?" एवढं मात्र शिक्षकांना जरूर विचारा. आम्हाला राग येणार नाही.

आणि हो, पुढच्या सहलीच्या यादीत पहिलं नाव कुणाचं होतं, ओळखा पाहू! त्या साळिंदराच्या काट्यावाल्याचंच. आईनं त्याच्या गळ्यात नवी शिट्टी बांधून पाठवलं होतं.

तुमचे,
गुरुजी