प्रयोगशाळेच्या आधी घटनास्थळ

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक, म्हणजेच फॉरेन्सिक, तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्या कामाचे चित्रीकरण व्हावे, असे बंधन आले आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र तज्ज्ञ पोहोचण्यापूर्वीच्या तासा-दोन तासांत पुराव्याचे काय होते, हा प्रश्न तिच्याइतकाच महत्त्वाचा आहे.

हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, याला पडद्यावरच्या गुन्हेकथाही कारणीभूत आहेत. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’ने देशातील एका पिढीला फॉरेन्सिक प्रयोगशाळेची ओळख करून दिली, हे तिचे श्रेय. पण त्या प्रयोगशाळेत निष्कर्ष क्षणार्धात निघतात आणि नमुना कधीच खराब होत नाही. वास्तवात नमुन्यातून डीएनए वेगळा करणे, त्याच्या प्रती वाढवणे व त्यांची तुलना करणे या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. शिवाय मुळात दूषित झालेला नमुना कोणतेही यंत्र शुद्ध करू शकत नाही.

फ्रान्समधील लियों येथे १९१० मध्ये पोलीस प्रयोगशाळा उभारणाऱ्या एडमंड लोकार्ड यांच्या विचाराचे सार असे, की दोन वस्तूंचा संपर्क आला की एकीचा अंश दुसरीवर राहतो. हे तत्त्व गुन्हेगाराला लागू होते, तसेच खोलीत डोकावणाऱ्या शेजाऱ्याला, पत्रकाराला आणि हातमोजे न घालता वस्तू उचलणाऱ्या पोलिसालाही लागू होते. ओला रक्ताळलेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला, तर दमटपणामुळे जिवाणू व बुरशी वाढून डीएनएचा ऱ्हास होतो. तोच कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवल्यास पुरावा टिकतो. हा फरक काही रुपयांच्या पाकिटाचा आणि थोड्या प्रशिक्षणाचा आहे.

त्याची किंमत देशाने मोजली आहे. नोएडातील २००८ च्या दुहेरी हत्याकांडात गच्चीवरील दुसरा मृतदेह दुसऱ्या दिवशी सापडला. तोवर त्या घरात अनेकांचा वावर होऊन गेला होता. पुढे खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दोघांची अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुक्तता केली. दिल्लीतील छावला प्रकरणात नमुने प्रयोगशाळेकडे जाण्यापूर्वी कित्येक दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना मुक्त करताना त्या काळात छेडछाडीची शक्यता नाकारता येत नसल्याकडे लक्ष वेधले. अशा खटल्यांत आरोपी निर्दोष असेल, तर त्याची वर्षे वाया जातात. दोषी असेल, तर तो सुटतो. मृताच्या कुटुंबाला मात्र दोन्ही वेळा उत्तर मिळत नाही.

जगातील पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाले आणि त्यामागील वर्गीकरणात अझिझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीयांचा मोलाचा वाटा होता. अशी परंपरा असलेल्या देशाला विज्ञान उसने आणावे लागत नाही. नव्या कायद्याच्या निमित्ताने प्रयोगशाळा आणि फिरती वाहने वाढतील, ती वाढायलाच हवीत. पण घटनास्थळी सर्वांत आधी बहुधा जवळच्या ठाण्याचा हवालदार पोहोचतो. दोरी बांधणे, आत गेलेल्या प्रत्येकाची वेळेसह नोंद ठेवणे, कशालाही हात न लावणे आणि वरिष्ठ वा पुढारी आले तरी त्यांना बाहेर थांबवणे, एवढे त्याला शिकवले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे असे थांबवल्याबद्दल त्याला शिक्षा होणार नाही, याची हमी दिली पाहिजे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी दूरचित्रवाणीवर गुन्हा घडलेल्या खोलीचे आतून केलेले चित्रण पाहिले, तर एक प्रश्न जरूर विचारावा : हा कॅमेरा आत गेलाच कसा?