पत्रकारितेची पदवी : पुढे काय?

विद्यापीठांचे प्रवेश सुरू झाले की मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न हमखास कानी येतो. मुलाला पत्रकारिता शिकायची आहे, प्रवेशही मिळतो आहे. पण पुढे काय? अशा आईवडिलांना ‘आवड आहे ना, मग जाऊ द्या’ असे गुळमुळीत उत्तर देऊन भागत नाही. ‘या क्षेत्रात आता राम राहिलेला नाही’ असे सांगून मुलांची उमेद खच्ची करणेही योग्य नव्हे. प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तरही तसेच हवे.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून पत्रकारितेचे विद्यापीठीय शिक्षण दिले जाते. मुंबई, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, नांदेड, सोलापूर येथील विद्यापीठांतही असे विभाग आहेत. खासगी संस्थांचे शुल्क लाखांच्या घरात गेले असताना, शेतकऱ्याच्या मुलाला आणि एस.टी. वाहकाच्या मुलीला परवडणारे दार आजही हेच आहे. २०२१ मध्ये रानडेतील विभाग विद्यापीठाच्या आवारातील दुसऱ्या विभागात विलीन करण्याचे ठरले, तेव्हा माजी विद्यार्थी आणि पत्रकार एकवटले आणि त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. ती आस्था स्वागतार्हच होती. परंतु वास्तूविषयी जेवढा जिव्हाळा दाखवला गेला, तेवढाच तेथे काय शिकवले जाते याविषयीही दाखवायला हवा.

आता व्यवहाराचे बोलू. वृत्तपत्रांतील जागा आटल्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत अनेक वृत्तपत्रांनी पाने कमी केली, काही आवृत्त्या बंद झाल्या आणि गेलेल्या सगळ्याच नोकऱ्या परतल्या नाहीत. पूर्वी तिघांत वाटलेले काम आता एकाच्या गळ्यात पडते. बातमीही त्यानेच लिहायची, चित्रफीतही त्यानेच काढायची आणि संकेतस्थळासाठी मथळाही त्यानेच द्यायचा. महानगरात नवोदिताच्या हाती पडणाऱ्या वेतनात खोलीचे भाडे आणि खानावळ भागवता भागवता दमछाक होते.

तालुक्याच्या बातमीदाराची स्थिती याहून बिकट आहे. अनेकांना वेतन नाही, तुटपुंजे मानधन आणि जाहिरातींवरील कमिशन यांवरच भिस्त. ज्या साखर कारखान्याची जाहिरात आणायची, त्याच कारखान्याच्या थकीत ऊसबिलाची बातमी त्याने कोणत्या तोंडाने द्यायची? पत्रकारितेच्या नीतिमत्तेवरील व्याख्याने या एका प्रश्नापाशी येऊन अडखळतात. कायद्याचे संरक्षण कागदावर होते. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ चा कायदा होता. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्राने २०११ मध्ये अधिसूचित केल्या आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. तरीही कंत्राटी नेमणुकांच्या आडोशाने त्यांना बगल दिली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९५५ चा कायदा त्यांत विलीन झाला. या संहितांत आपले हक्क कोणते, हे पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

म्हणजे ही पदवी निरुपयोगी आहे काय? नव्हे. मात्र ती नोकरीची हमी आहे, हा भ्रम टाकून द्यावा लागेल. जनसंपर्क, जाहिरात, आकाशवाणी, अनुवाद, अध्यापन अशा वाटा आहेत. जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारखी पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात; पण त्या जागा मोजक्या. या सर्व वाटांवर टिकतो तो ज्याला पत्रकारितेखेरीज आणखी काही येते तो.

आपल्या परंपरेनेही हेच शिकवले आहे. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर गणिताचे आणि अनेक भाषांचे जाणकार होते. टिळकांनी गणित घेऊन बी.ए. केले, पुढे कायद्याची पदवी घेतली. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर इतिहास आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. ही नावे प्रत्येक अभ्यासक्रमात असतात. त्यांच्या व्यासंगाचा धडा मात्र गाळला जातो. अर्थशास्त्र, कायदा, शेती वा विज्ञान यांपैकी एका विषयाचा पाया घालून मगच पत्रकारितेकडे वळावे, असे मी, स्वतः कला शाखेचा पदवीधर असूनही, आग्रहाने सांगेन. प्रसिद्धिपत्रकाची बातमी करण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात करते. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकातील खाचाखोचा शोधणे, आरोपपत्र वाचणे, माहिती अधिकारात नेमका अर्ज करणे, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी मिळाली की नाही हे बांधावर जाऊन विचारणे, ही कामे तिच्या आवाक्यातील नव्हेत. तेथे माणूसच लागतो आणि तो त्या मातीतला लागतो.

जिल्ह्याच्या विद्यापीठातील विद्यार्थ्याचे बलस्थान नेमके हेच आहे. त्याला तेथील बोली कळते, तलाठ्याचे दप्तर कळते, बाजार समितीतील हिशेब कळतो. विद्यापीठाने हे भांडवल वाढवायला हवे. प्रत्यक्षात रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक यांवर विभाग कसेबसे चालतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद केली. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पात्रतेच्या अटीविना, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत, नेमता येते. त्यातून मुरलेल्या बातमीदारांना वर्गात आणावे. अर्थात, रिक्त पदे भरण्याला तो पर्याय नव्हे. प्रत्येक विद्यार्थ्याकडे एकेक तालुका सोपवून वर्षभर तेथील वार्तांकन करून घ्यावे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला; त्या मराठीत चार परिच्छेद निर्दोष लिहिता आल्याखेरीज कोणालाही पदवी देऊ नये.

आईवडिलांनी मुलाला तीन प्रश्न विचारावेत. तू रोज काय वाचतोस? पत्रकारितेखेरीज तुला कोणता विषय येतो? पहिली दोन-तीन वर्षे ओढाताण सोसण्याची तुझी तयारी आहे का? उत्तरे समाधानकारक असतील, तर त्याला अडवू नये.

आणि आपण वाचकांनीही स्वतःला एक प्रश्न विचारावा. महिन्याच्या दूरध्वनी-इंटरनेटवर आपण जेवढे खर्च करतो, तेवढे तरी चांगल्या वृत्तपत्र-नियतकालिकांसाठी मोजतो काय? बातमी फुकट हवी असेल, तर तिचे मोल दुसरा कोणीतरी देणार आणि बातमीही त्याच्याच सोयीची येणार. पदवीधरांचे भवितव्य विद्यापीठाच्या आणि मालकांच्या हाती आहे, तसे ते आपल्या वर्गणीच्या पावतीवरही अवलंबून आहे.