गाव हलवायचं, पण गावाला विचारून



'हवामान बदल' शिकवताना आपण बहुतेक वेळा एका वाक्यावर थांबतो. बर्फ वितळतो, समुद्राची पातळी वाढते, बेटं बुडतात. मुलं ते पाठ करतात. पण बेटावरच्या माणसांनी मग करायचं काय, हा प्रश्न राहूनच जातो.

त्यासाठी फिजी देशाकडे बघा. प्रशांत महासागरातला हा देश ३०० हून अधिक बेटांचा. तिथल्या वानुआ लेवू बेटावर वुनिदोगोलोआ नावाचं गाव आहे. भरतीचं पाणी घरांपर्यंत यायचं. किनाऱ्यावर भिंत बांधून पाहिली, तीही पुरी पडली नाही. शेवटी गावकऱ्यांनीच सरकारकडे मदत मागितली आणि २०१४ मध्ये अख्खं गाव सुमारे दोन किलोमीटर आत, उंचावर गेलं. नवी जागा त्यांच्याच जमिनीतली आणि घरांसाठी लाकूडही त्यांनीच दिलं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये 'विन्स्टन' चक्रीवादळात फिजीत ४४ माणसं गेली. पुढे २०१८ मध्ये सरकारने गावांच्या स्थलांतराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातला मुख्य मुद्दा असा, की स्थलांतर हा शेवटचा उपाय आणि तोही लोकांच्या संमतीनेच. २०१९ मध्ये या कामासाठी निधीचा कायदाही झाला.

काही जण म्हणतील, पाणी दारात आलंय आणि तुम्ही बैठका कसल्या घेता? मला हे पटत नाही. गाव म्हणजे नुसती घरं नव्हेत. मासेमारी, शेती, पूर्वजांची थडगी, सगळं त्या जमिनीला जोडलेलं असतं. न विचारता हलवलेली माणसं सुरक्षित होतील, पण उपजीविका गेली तर तिथे टिकतील का? म्हणूनच बैठका वादळाच्या आधी, शांतपणे व्हायला हव्यात. नियोजन म्हणतात ते यालाच.

आणि खर्च? जगाच्या प्रदूषणात फिजीचा वाटा अगदी नगण्य. तरी पहिला फटका त्यांनाच. मग सगळं बिल त्यांनीच का भरायचं? ज्यांनी जास्त धूर सोडला, त्यांनी पैसा द्यायलाच हवा. याला दान समजू नये, ती जबाबदारी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मुलांना एवढंच विचारा: "आपलं गाव हलवायचं ठरलं, तर सोबत काय काय न्यावं लागेल?" आलेली यादी फळ्यावर लिहा. धडा तिथूनच सुरू होईल.