कॅम्पस कट्टा : कुलगुरूपद राहू द्या, अधिसभेतली खुर्ची द्या

‘मी कुलगुरू झालो तर’ हा वक्तृत्व स्पर्धांचा हुकमी विषय. त्यावर जागतिक दर्जा, संशोधन, नवोन्मेष अशी भाषणे होतात आणि ढाल मिळते. हाच प्रश्न अमरावती रोडवरच्या एखाद्या चहाच्या टपरीवर टाकून बघा. नागपुरी पोट्टे फार डोके खाजवत नाहीत. रिझल्ट टायमावर लावू, डिग्रीसाठी चकरा मारायला लावणार नाही, लायब्ररी रात्री उघडी ठेवू. संपला जाहीरनामा.

यातली पहिली मागणी तर कायद्यातच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायदा, 2016 म्हणतो की परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा आणि काहीही झाले तरी 45 दिवसांत तो लागावाच. हा दिवसांचा हिशेब कुणाला रुक्ष वाटेल. ज्याचा विंटरचा पेपर बॅक राहिला आहे, त्याला विचारा. निकाल लागायच्या आत समरचा फॉर्म भरायची तारीख आली की तो त्याच पेपरचे पैसे पुन्हा भरतो, न जाणो राहिलाच तर! नंतर पास निघाला तर पेढे वाटायचे, फी गेली ती गेली. शेवटच्या सेमिस्टरचे आणखी अवघड. दुसऱ्या विद्यापीठात एम.ए.ला जायचे तर तिथली प्रवेशाची तारीख नागपूरच्या निकालासाठी थांबत नाही.

विद्यार्थी-कुलगुरूचा पहिला आदेश माझ्या मते एवढाच असावा : निकाल 45 दिवसांच्या पुढे गेला, तर त्या पेपरची पुढची परीक्षा फी घ्यायची नाही. भुर्दंड विद्यापीठाच्या तिजोरीवर पडू लागला की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आपोआप हलतील. उत्तरपत्रिका पाहण्याच्या हक्कावर तर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच शिक्कामोर्तब केले आहे. तपासलेली पत्रिका निकालासोबतच मोबाइलवर पाठवली, तर फेरतपासणीचे निम्मे अर्ज पडणारच नाहीत.

नागपूर विद्यापीठ 4 ऑगस्ट 1923 रोजी सुरू झाले, तेव्हा 6 महाविद्यालये आणि 927 विद्यार्थी होते. तेवढ्यांना सिव्हिल लाइन्समध्ये बोलावून हातात कागद देता येत असे. 1983 मध्ये अमरावतीचे आणि 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले, तरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव लावणाऱ्या या विद्यापीठाकडे अजून नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असे चार जिल्हे आहेत. त्यातल्या गोंदिया जिल्ह्यातले सालेकसा छत्तीसगडच्या सीमेवर. तिथल्या मुलीने एका मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी पहाटे गाडी धरायची, खिडकीवर ‘साहेब जेवायला गेलेत’ ऐकायचे आणि रात्री परतायचे, अशी वेळ तिच्यावर एकदाही येऊ नये. ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ चालते, त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून खंजिरीवर भजने केली. विद्यापीठाने निदान गोंदियात एक खिडकी उघडावी.

पण हे करून घेणार कोण? विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागा असतात, त्यांच्या निवडणुका होतात, पॅनेल पडतात, पत्रके निघतात. म्हणजे जो शिकून बाहेर पडला त्याला मत. जो आज फी भरतो, त्याला नाही. 1989 मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला आणि त्यानंतर राज्याने खुल्या निवडणुका बंद केल्या. 1994 च्या कायद्याने वर्गात पहिला येणाऱ्यालाच प्रतिनिधी करून टाकले. आता 90 टक्के मिळवणाऱ्याला एटीकेटीवाल्याचे दुखणे काय ठाऊक! 2016 च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली, विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला अधिसभेत जागा दिली. 2019 मध्ये वेळापत्रकही आले. विधानसभेची निवडणूक तोंडावर आहे म्हणून ते पुढे ढकलले, मग करोना आला आणि विषय मागे पडला.

निवडणूक आली की पक्ष येतील, पैसा येईल, मारामाऱ्या होतील, असे प्राचार्य सांगतात. भीती खोटी नाही. पण नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस हे दोघेही अभाविपच्या कामातून पुढे आले. त्यांच्या गावात विद्यार्थ्यांना राजकारणापासून जपण्याची भाषा जरा गमतीची वाटते. पक्ष तर आजही कॅम्पसवर आहेतच. नाही ती फक्त मतपेटी.

एडिंबरोत 1972 मध्ये गॉर्डन ब्राउन नावाचा विद्यार्थीच रेक्टर म्हणून निवडून आला आणि विद्यापीठाच्या कार्यकारी सभेचा अध्यक्ष झाला. प्रशासनाशी त्याचे खटके उडाले, विद्यापीठ मात्र बुडाले नाही. पुढे तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला, ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे एवढे कुणी मागत नाही. अधिसभेतली एक खुर्ची, तीही कायद्याने आधीच दिलेली.

त्या खुर्चीवर बसणाऱ्या पोराने पहिल्याच बैठकीत विचारावे : मागच्या उन्हाळी परीक्षेचे किती निकाल 45 दिवसांत लागले? आणि जे लागले नाहीत, त्यांच्या पुन्हा भरलेल्या फीपोटी किती रुपये जमा झाले? कुलपती नसले की अध्यक्षस्थानी कुलगुरूच असतात. उत्तर त्यांनाच द्यावे लागेल.

— कट्टेकरी