दूध पुरते का? उत्तर बाळाला विचारा

“डॉक्टर, डाव्या बाजूला दूध भरपूर आहे, उजवीकडे मात्र नावालाच येते. पंपाने काढून पाहिले. डावीकडून 60 मिलिलिटर आणि उजवीकडून जेमतेम 20. बाळाचे कसे भागायचे?” पहिलटकरीण विचारत होती. बाळ अकरा दिवसांचे होते. शेजारी तिची आई बसली होती आणि तिच्या पिशवीत दुधाच्या पावडरचा नवा डबा होता. “काल संध्याकाळभर रडत होतं हो. उघडू का डबा?”

उत्तर देण्याआधी मी बाळाला वजनकाट्यावर ठेवले. जन्मवेळी 2 किलो 900 ग्रॅम, तिसऱ्या दिवशी घरी जाताना 2 किलो 720 ग्रॅम आणि आता 2 किलो 940 ग्रॅम. म्हणजे आठ दिवसांत 220 ग्रॅम वाढ. आदल्या दिवशी आठ लंगोट ओले झाले होते, चार वेळा पिवळी शी झाली होती. बाळाचे उत्तम भागत होते. डबा उघडण्याचे काहीच कारण नव्हते.

दूध पुरते की नाही, हे बहुतेक घरांत स्तनांकडे पाहून ठरवले जाते. स्तन जड वाटले तर दूध आहे, हलके वाटले तर आटले, असा समज असतो. तो बरोबर नाही. पहिल्या काही आठवड्यांनंतर स्तन मऊ पडतात, ते दूध बाळाच्या गरजेशी जुळू लागल्यामुळे. पंपाने निघालेले दूध हेही खरे माप नव्हे. नीट पकड घेतलेले बाळ पुष्कळदा पंपापेक्षा अधिक दूध ओढते.

दोन बाजूंत फरक असणे तर अगदी स्वाभाविक आहे. दूध तयार करण्याचा संदेश मेंदूतून दोन्ही स्तनांना सारखाच जातो. पण किती दूध बनवायचे याचा हिशेब प्रत्येक स्तन स्वतंत्रपणे ठेवतो. जी बाजू वारंवार रिकामी होते तिथे निर्मिती वाढते. जिथे दूध साचून राहते तिथे ती मंदावते. या मातेला डाव्या कुशीवर पाजणे सोयीचे वाटे, म्हणून बाळ डावीकडेच अधिक काळ असे. फरक वाढत गेला तो असा.

डब्याच्या दुधाने नेमके हेच चक्र सुरू होते. वरचे दूध पोटभर प्यायलेले बाळ तीन-चार तास झोपते, तेवढा वेळ अंगावर ओढत नाही, स्तन भरून राहतात आणि निर्मिती घटते. दोन दिवसांनी दूध खरोखरच कमी येते आणि घरातले म्हणतात, “आम्ही म्हटलेच होते!”

मग करायचे काय? चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजावे. रात्रीचे पाजणे टाळू नये. दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन रात्री अधिक स्रवते. ज्या बाजूला दूध कमी, तिथून सुरुवात करावी, कारण भुकेले बाळ जोराने ओढते. त्यानंतर दुसरी बाजू द्यावी आणि शक्य असल्यास कमी बाजूचे थोडे दूध हाताने काढावे. ते स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात खोलीच्या तापमानाला चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवता येते. द्यायचे झाल्यास वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ उकळलेल्या बोंडल्याने द्यावे, बाटलीने नव्हे.

बाळ एका बाजूला तोंड लावत नसेल तर धरण्याची पद्धत बदलून पाहावी. आवडत्या बाजूला जसे आडवे असते तसेच, अंग न वळवता, दुसऱ्या बाजूकडे सरकवावे. किंवा त्याचे पाय आईच्या काखेखालून मागे जातील असे धरावे. तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि केवळ स्तनाग्र नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात, ही पकड योग्य. पाजताना वेदना होत असतील तर पकड चुकते आहे असे समजावे.

जादा दूध असलेल्या बाजूला बाळ ठसकत असेल तर आईने मागे रेलून पाजावे. स्तन ताठरला असेल तर मऊ होण्यापुरतेच दूध काढावे. पूर्ण रिकामा केल्यास आणखी भरतो. स्तन लाल, गरम होऊन दुखू लागला व ताप आला, तर पाजणे थांबवू नये, पण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाच बाजूला न विरघळणारी गाठ जाणवली किंवा चांगले पिणाऱ्या बाळाने अचानक एक बाजू नाकारली, तरीही तपासून घ्यावे.

हळिवाचे लाडू, मेथी, डिंक हे आपल्याकडचे बाळंतिणीचे खाणे आईच्या अंगी शक्ती येण्यासाठी जरूर द्यावे. दूध मात्र बाळाच्या ओढण्याने वाढते. बाळाला पहिले सहा महिने मध, गुटी किंवा पाणी देऊ नये. संध्याकाळी अनेक बाळे किरकिरतात, दर तासाला प्यायला मागतात. केवळ त्यावरून दूध अपुरे ठरत नाही.

पण “सगळे ठीक होईल” म्हणून थांबून राहणेही धोक्याचे आहे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी, लंगोटावर विटकरी डाग, शी अजून काळीच, पाजण्यासाठीही जागे न होणारे सुस्त बाळ, पायांपर्यंत पोचलेली कावीळ, किंवा चौदाव्या दिवसापर्यंत जन्मवजन भरून न येणे: यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अशा काही बाळांना काही काळ वरचे दूध द्यावेच लागते. ते औषधासारखे, सांगितलेल्या मापाने द्यावे. त्यात आईचा पराभव नाही. थायरॉइडचा विकार, प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव किंवा स्तनावरील शस्त्रक्रिया यांमुळेही दूध कमी येऊ शकते आणि त्याचा शोध घ्यावा लागतो.

म्हणून घरात एक वही ठेवावी. ओले लंगोट आणि शी यांची रोज नोंद करावी, वजन आठवड्याला एकदा पाहावे. दवाखाना दूर असेल तर घरभेटीला येणाऱ्या आशाताईंकडून वजन करून घ्यावे. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर त्यांच्या भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या असतात.

ती माता पुन्हा आली तेव्हा बाळ चोवीस दिवसांचे होते आणि वजन 3 किलो 310 ग्रॅम. उजवीकडे दूध अजूनही कमीच होते. तिने पंप मात्र कपाटात ठेवून दिला होता, आणि डबा आजींनी दुकानात परत केला होता.