फुकटच्या वहीची वर्गणी

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरबद्दल आमच्या पारनेरात दोनच मते ऐकायला मिळतात. 'फुकट आहे ना? मग घ्या की!' हे एक. 'फुकटचं आहे, टिकायचं नाही,' हे दुसरे. ही मते मांडणारे एकमेकांशी तावातावाने भांडतात, पण चूक दोघांची एकच आहे. या वस्तूला मुळात खर्चच नाही असे दोघेही धरून चालतात.

वाद ज्यावरून आहे ती वस्तू आधी पाहू. स्वतःपुरता विकी म्हणजे एकमेकींना दुव्यांनी जोडलेल्या टिपांची आपली खासगी वही. त्यातले जुने आणि मला सर्वांत पसंत पडलेले नाव 'टिडलीविकी'. जेरेमी रस्टन या ब्रिटिश प्रोग्रामरने २००४ साली ते लोकांपुढे ठेवले. टिपा, दुवे, शोध आणि हे सगळे चालवणारा प्रोग्रामसुद्धा एकाच एचटीएमएल फाईलमध्ये असतो. रिकामी फाईल अडीच एमबीच्या आसपास भरते. ती पेन ड्राइव्हवर घ्या, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडा, इंटरनेट असो वा नसो. ज्याला गावोगावचे वीरगळ नोंदवायचे आहेत, निघोजच्या रांजणखळग्यांविषयी म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेले लिहून ठेवायचे आहे, सेनापती बापटांच्या जन्मगावातल्या जुन्या वाड्यांची माहिती जमवायची आहे, त्याला याहून सोयीची वही मला तरी माहीत नाही.

अडते ते सेव्ह करताना. उघडलेल्या पानाने तुमच्या संगणकावरची फाईल परस्पर बदलू नये, हा ब्राउझरचा सुरक्षेचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. त्यामुळे बदल केल्यावर टिडलीविकीतली सेव्हची खूण लाल होते, आपण ती दाबतो, आणि ब्राउझर मूळ फाईलला हात न लावता नवी प्रत 'डाउनलोड्स'मध्ये टाकतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांच्या लॅपटॉपवर 'गावनोंदी', 'गावनोंदी (१)', 'गावनोंदी (२)' अशी कंसांची रांग लागली आहे. एकदा त्यांनी घाईत (७) उघडून तिच्यात भर घातली. ती (१२) म्हणून उतरली. मधल्या चार प्रतींतले काम (१२)मध्ये नाही, आणि सर्वांत नवी प्रत मात्र तीच. आता गुरुजी दोन फाईली शेजारी शेजारी उघडून एकेक टीप जुळवत बसतात.

यावर उपाय होता. 'टिडलीफॉक्स' नावाचे ॲड-ऑन फायरफॉक्समध्ये टाकले की मूळ फाईलच सेव्ह व्हायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली, जुन्या पद्धतीची ॲड-ऑन्स एकजात बंद पडली, आणि टिडलीफॉक्सही गेले. टिडलीविकीत काहीच बिघडले नव्हते, पण ज्यावर ते उभे होते ते बदलले. मग पर्याय शोधावे लागले. टिडलीडेस्कटॉप नावाचा स्वतंत्र प्रोग्राम आधीपासून होता, टिमिमी हे नवे ॲड-ऑन आले. आपल्याच संगणकावर छोटा सर्व्हर चालवता येतो, गिटहबवर सेव्ह करता येते, टिडलीहोस्टवर फाईल ठेवता येते. क्रोममध्ये २०२०पासून फाईलवर थेट लिहिण्याची नवी सोय आली, फायरफॉक्सने ती घेतली नाही. यातला प्रत्येक पर्याय कोणीतरी लिहिला, आणि ब्राउझर बदलला की तो कोणालातरी पुन्हा तपासावा लागतो. 'फुकट आहे ना?' म्हणणाऱ्यांनी हे काम कोण करते, एवढे तरी विचारावे.

पारनेर तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची खरे तर गरज पडू नये. बंधारा बांधायला निधी मिळतो, फलक लागतो, फोटो निघतो. गाळ काढायच्या वेळी कोणी फिरकत नाही. शेवटी शासनालाही २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी वेगळी योजना काढावी लागली. राळेगण सिद्धीच्या पंचसूत्रीत नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीच्या जोडीला श्रमदान आहे, ते उगाच नाही. सॉफ्टवेअरचा गाळ डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

तो न काढल्यास काय होते, हे जगाने मार्च २०२४ मध्ये पाहिले. 'एक्सझेड' हे फाईल आवळून लहान करणारे साधन जगभरच्या लिनक्स प्रणालींत असते. त्याची देखभाल व्यवहारात एकटा माणूस, तोही बिनपगारी, करत होता. तो थकला होता, आणि काम लवकर होत नाही म्हणून अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लागला होता. मदतीला आलेल्या एकाने दोन-अडीच वर्षांत त्याचा विश्वास मिळवला आणि मग त्या साधनात चोरदरवाजा बसवला. एका अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकले, म्हणून तो चोरदरवाजा सापडला. इतक्या लोकांची सुरक्षितता एका माणसाच्या चिकित्सक सवयीवर तरली, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

आता दुसरा पक्ष. 'ही कटकट हवी कशाला? मोठ्या कंपनीच्या ॲपमध्ये लिहा, आपोआप सेव्ह होतं.' होते, यात शंका नाही. एव्हरनोटमध्येही व्हायचे. ती कंपनी बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीकडे गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना पन्नास टिपा आणि एक वही अशी मर्यादा पडली. जुन्या टिपा वाचता येत होत्या, बाहेर काढून नेता येत होत्या, हे कबूल. पण एक्कावन्नावी टीप लिहायची की नाही हे दुसऱ्याने ठरवले. कंपनीला नफा हवा, तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. आयुष्यभराच्या नोंदी अशा ठिकाणी ठेवून वर बिनघोर राहणाऱ्याचे मात्र चुकते.

'मग एखाद्या मोठ्या कंपनीने प्रकल्पच विकत घ्यावा,' असेही सुचवणारे भेटतात. तेही झाले आहे. २००७ साली ब्रिटिश टेलिकॉमने रस्टन यांची ऑस्मोसॉफ्ट ही कंपनी घेतली. काही वर्षांनी ते तिथून बाहेर पडले आणि टिडलीविकी नव्याने लिहायला बसले. आजची पाचवी मालिका ती. कंपनी आली आणि गेली, पण परवाना मुक्त होता आणि फाईल वापरणाऱ्याच्या हातात होती, म्हणून कोणाची वही बुडाली नाही. माझ्या पक्षाला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

सरकारने द्यावे, हा आपल्याकडचा आवडता तोडगा. मुंबईच्या आयआयटीत केंद्राच्या पैशातून 'फॉसी' हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारा प्रकल्प चालतो आणि त्याचे काम चांगले आहे. पण शिकवण्यासाठी निधी मिळणे वेगळे आणि जुने सॉफ्टवेअर चालू ठेवण्यासाठी मिळणे वेगळे. जर्मनीने २०२२ मध्ये खास देखभालीसाठी सार्वजनिक निधी उभा केला. आपल्याकडे सरकारी निधीचा ओढा अजून नव्याच्या उद्घाटनाकडेच आहे.

उरली देणगी. भाविक मंडळींना वाटते की एक बटण लावले, 'आवडलं तर द्या' म्हटले की भागते. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारे सॉफ्टवेअर. २०१४ मध्ये त्यात 'हार्टब्लीड' हा गंभीर दोष सापडला, त्याआधी त्याला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत असे. शिवाय आपल्याला द्यायचे म्हटले तरी सोपे नाही. टिडलीविकीचे वर्गणीचे खाते ओपन कलेक्टिव्ह या संकेतस्थळावर आहे, जमाखर्च कोणालाही पाहता येतो, पण आपली खिशातली यूपीआय तिथे चालत नाही. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते चालू करून घ्या, मग दरमहा आपोआप कापून जाण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१च्या नियमांतून पार व्हा. शंभर रुपये द्यायला निघालेला माणूस इथेच दमतो.

मग पैसा यायचा कुठून? माझे मत असे: वहीला किंमत लावू नका, ने-आणीला लावा. 'जॉप्लिन' हे टिपांचे मुक्त सॉफ्टवेअर हेच करते. ॲप फुकट, टिपा तुमच्या संगणकावर. मोबाईल आणि लॅपटॉप यांच्यात त्या जुळवून हव्या असतील तर त्यांच्या क्लाऊडचे पैसे भरा, नाहीतर स्वतःची सोय करा. आपल्याकडे मुंबईच्या फ्रॅपेने ईआरपीनेक्स्ट याच रीतीने वाढवले. सॉफ्टवेअर उघडे ठेवले आणि ते सर्व्हरवर चालवून देण्याचे पैसे घेतले. ऑब्सिडियन या टिपांच्याच ॲपचा धंदाही असाच आहे, फक्त ते मुक्त स्रोत नाही, हे त्याचे चाहते सोयीस्करपणे विसरतात. यात एक अट मोडता कामा नये: स्वतःच्या संगणकावर सेव्ह करणे पैशांच्या कुलपात जाता कामा नये. ते गेले की मुक्त या शब्दाला अर्थ उरत नाही.

ने-आणीचा धंदा ज्यांना जमत नाही अशा छोट्या प्रकल्पांसाठी मोठे निधी लागतील. झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा 'फ्लॉस फंड' जाहीर केला, एका प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० डॉलर. भारतातून जगाच्या मुक्त सॉफ्टवेअरला पैसा जातो, याचा मला आनंद आहे. पण एका कंपनीच्या औदार्यावर सगळी भिस्त ठेवली तर पुन्हा तीच चूक होईल.

म्हणून माझे मागणे संस्थांकडे आहे. एकट्यादुकट्याला जे कार्ड आणि जे नियम आडवे येतात, ते संस्थेचा हिशेबनीस एकदा बसून निस्तरू शकतो. तालुक्यातली ग्रंथालये नियतकालिकांची वर्गणी दरवर्षी भरतात, महाविद्यालयांच्या अंदाजपत्रकात सॉफ्टवेअरसाठी रक्कम असते. आपण वापरतो त्या एका मुक्त सॉफ्टवेअरला हजार-दोन हजार रुपये, दरवर्षी, न चुकता, एवढीच ही मागणी आहे. उत्साहाच्या भरात एकदा दिलेल्या दहा हजारांपेक्षा दरवर्षी येणारे हजार देखभाल करणाऱ्याला अधिक कामाचे असतात, कारण त्यांच्या भरवशावर त्याला पुढच्या वर्षाचे काम ठरवता येते. पारनेरच्या ज्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात तुम्ही सभासद, शिक्षक वा विश्वस्त असाल, तिथल्या येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडा. अनुमोदक कोणी मिळाला नाही तर मला बोलवा.